मॉडेल रेल्वे मंडळ बंद होणार नाही

४ जानेवारी, शनिवार

नव्या वर्षाचा संकल्प : मंडळाची सभासदसंख्या वाढवणे. आज हजेरी तीन. म्हणजे आणखी तीन आले की दुप्पट. अवघड काहीच नाही.

लायब्ररीच्या तळघरात नेहमीप्रमाणे पहिली एक्स्प्रेस मी सोडली. दुसरीही मीच. बाकीचे पिवळ्या पट्टीच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे. मंडळ काढलं तेव्हाच मी हा नियम केला : गाड्या चालवायचा कंट्रोलर अध्यक्षाच्या हातात, इतरांनी बघायचं. म्हणूनच इतक्या वर्षांत एक गाडी रुळावरून घसरलेली नाही. आणि बघण्यातही आनंद असतो. तो कळायला जरा डोकं लागतं, एवढंच.

घड्याळवाल्याने आज परत विचारलं, मालगाडीची एक फेरी मारू का. माणूस चांगला आहे. दुकानात घड्याळं दुरुस्त करतो, मंडळाची सगळी इंजिनं तोच उघडून साफ करतो. मालगाडी तर त्यानेच बनवलेली. पण बनवणं वेगळं, चालवणं वेगळं. बघू म्हटलं. तो हसला. माझ्या ‘बघू’वर तो कित्येक वर्षं खूश आहे.

११ जानेवारी

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तळघर अभ्यासिकेला हवंय. पण सभासदांनी सभेत मंडळ हवंय म्हणून सांगितलं, तर त्या दुसरी जागा शोधतील. मला हसूच आलं. सभासदांना काय विचारायचंय त्यात! सभा १५ फेब्रुवारीला. निकाल आजच लिहून ठेवतो : एकमताने चालू.

घरी हिला सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, आणि ते नको म्हणाले तर?

हिला मंडळातलं काही कळत नाही. लग्न झाल्यावर एकदाच आली होती. मला चालवू द्या ना, म्हणाली होती. मी नियम नीट समजावून सांगितला. पुन्हा काही फिरकली नाही. मुळात आवडच नाही, त्याला मी काय करणार?

२५ जानेवारी

जनतेसाठी खुला दिवस. पोस्टर मीच रंगवलं. एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन आले. मुलगी सरळ इंजिनाला हात घालायला लागली. वेळीच थांबवलं आणि सिग्नलची पद्धत मुळापासून समजावून सांगितली. निम्म्यात बापाने मोबाइल कानाला लावला आणि हो हो, निघालोच म्हणत पोरीला घेऊन गेला. मोबाइल वाजलाच नव्हता. या मोबाइलने लोकांची एकाग्रता पार धुळीला मिळवलीय.

भूगोलाच्या बाई शाळेतून थेट आल्या होत्या. आमचे डोंगर आणि बोगदे त्यांनीच कागदाच्या लगद्याने केलेत, म्हणून जरा जास्त बोलतात. म्हणाल्या, त्या पोरीला एक फेरी मारू दिली असती तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, मग उद्या कोणीही येईल आणि मलाही द्या म्हणेल. त्या म्हणाल्या, म्हणू द्या की!

दुर्लक्ष केलं. अध्यक्षाला मन मोठं ठेवावं लागतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दाढ ठणकत होती. डेंटिस्टकडे गेलो. हा आमचा चिटणीस. म्हटलं, दाढही होईल आणि सभेचंही बोलून घेता येईल. त्याने मला आ करायला लावलं, तोंडात सगळी हत्यारं घातली आणि मग विषय काढला. म्हणाला, बंद करू या आता. लोक कंटाळलेत. उभं राहून राहून पाय दुखतात नुसते.

मी खणखणीत उत्तर दिलं. पण ते आ, आ, असं ऐकू आलं. तो म्हणाला, चला, म्हणजे तुम्हालाही पटतंय. याला म्हणतात परिस्थितीचा गैरफायदा घेणे.

तात्पुरती भरलीय दाढ. महिनाभराने पक्की भरायला या म्हणाला.

पाय दुखण्यावर तोडगा : सभेत खुर्च्यांची घोषणा करायची. सगळे गारच पडतील.

१५ फेब्रुवारी

सभा. तळघर भरलं! गेल्या दहा वर्षांत तोंड न दाखवलेले लोक आले. मंडळ किती जिवंत आहे याचा याहून मोठा पुरावा नको. मला तर भरूनच आलं.

भाषण उत्तम झालं. खुर्च्यांची घोषणा केली. पिवळ्या पट्टीच्या मागे, पण खुर्च्या! टाळ्यांसाठी थांबलो. कोणीतरी खोकलं.

मग मतदान. बंद करावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. जुन्यांनी तर दोन-दोन केले की काय असं वाटलं. घड्याळवाल्याकडे बघितलं, तर हा भला माणूस खाली मान घालून बसलेला, पण हात वर.

मी एकटा विरोधात. ठरावात ‘एकमताने’ लिहू दिलं नाही, ‘बहुमताने’ लिहायला लावलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

घरी आलो. हिने ताट वाढलं. कृतघ्न आहेत लेकाचे. माझं आयुष्य गेलं त्या तळघरात.

२२ फेब्रुवारी

मांडणी उचलली. मला वाटलं होतं, रडारड होईल. कुठलं काय! सगळे बाह्या सरसावून आले होते. रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खडूने नंबर घातला, डोंगर चादरीत गुंडाळले, इंजिनं तर तान्ह्या बाळासारखी उचलली. भंगारात जायच्या वस्तूंवर एवढी माया! मनात म्हटलं, हे संस्कार माझेच.

कंट्रोलर मी ठेवून घेऊ का, विचारलं. वाद घालतील वाटलं होतं. लगेच हो म्हणाले. डेंटिस्ट म्हणाला, खुशाल न्या, आम्हाला तो लागणार नाही. शेवटी का होईना, मान राखला.

सामान त्याच्याच गाडीतून गेलं. कुठे, ते विचारलं नाही. बघवेना.

८ मार्च

नवा संकल्प : मंडळाचा इतिहास लिहिणे. पहिलं प्रकरण ठरलं, संस्थापकाचं बालपण. दोन ओळी झाल्या. घरात शांतता असल्यामुळे सुचत नाही.

ही आता शनिवारी बहिणीकडे जाते. मागचा शनिवारही तिकडेच. आल्यावर एकदम खुशीत असते, गुणगुणते काय! बोटांना तेलाचा वास येत होता. विचारलं, तर म्हणाली, बहिणीच्या शिलाई मशीनला तेल घातलं. बरं आहे, तिलाही काहीतरी विरंगुळा.

मंडळ बंद पडल्यावर त्या सगळ्यांचे शनिवार कसे जात असतील? खायला उठत असतील. महिन्याभरात एकेक जण दारात येईल, परत सुरू करा म्हणेल. मी लगेच हो म्हणणार नाही.

१५ मार्च, शनिवार

दाढेतलं भरलेलं निघालं. जीव कासावीस. ही बहिणीकडे गेलेली. फोन न करताच डेंटिस्टकडे गेलो. दवाखाना बंद होता, पण मागच्या गॅरेजात दिवा आणि हसण्याचे आवाज. शटर अर्धं वर होतं. वाकून बघितलं.

पूर्ण मांडणी. डोंगर, बोगदे, सगळं. सभेला आलेले झाडून सगळे. घड्याळवाला मालगाडी चालवत होता आणि तोंडाने शिटी वाजवत होता. इतका म्हातारा माणूस! गाडी वळणावर घसरली, तर सगळे टाळ्या पिटून हसले. त्याने डबे उचलून ठेवले आणि नवाकोरा कंट्रोलर पुढच्या माणसाला दिला.

पुढचा माणूस म्हणजे ही.

पदर खोचून उभी. भूगोलाच्या बाई शेजारून सांगत होत्या, हळू, हळू, आता सोडा. हिने सोडली. बोगद्यातून गाडी बाहेर आली तेव्हा ही जी ओरडली, तशी मी तिला कधी ओरडताना ऐकलेली नाही.

मला कोणी बघितलं नाही. दाढ तशीच घेऊन परत आलो.

१६ मार्च

सकाळी चहाच्या वेळी विचारलं, ह्या लोकांनी मला का कळवलं नाही?

हिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, ते कळवणार होते. घड्याळवाले तर दोनदा म्हणाले, त्यांनाही बोलवू, बसतील एका बाजूला. मीच म्हटलं, नका बोलवू.

का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही.

फार वाईट वाटलं. हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. फार म्हणजे फार वाईट वाटलं.

२२ मार्च, शनिवार

सहा वाजता ही निघाली. आता बहिणीचं नाव घेत नाही. जेवण झाकून ठेवलंय म्हणाली, आमटी तेवढी गरम करून घ्या. मी बघू म्हटलं. ती हसली नाही.