मुंगीच्या भिंतीवरचं वचन

दि. ९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा गुडघा आता जिना चढू देतो, उतरताना मात्र कुरकुरतो. धर्मशिक्षण विद्यालयात यंदा अकरा विद्यार्थी आलेत, सात जण पाळक व्हायचंय म्हणून आणि चार जण वडिलांनी धाडलं म्हणून. वर्गाची खिडकी अजून लागत नाही. पहिल्या दिवशी मी फळ्यावर नेहमीचे तीन प्रश्न लिहिले: शास्त्रातलं हे वचन कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कोणत्या प्रसंगी लिहिलं. आठवड्यात त्याची टिंगल सुरू झाली. चहा आला की मागच्या बाकावरून आवाज येतो, कुणी मागवला, कुणाला मागवला, कोणत्या प्रसंगी. मुंगी मला ‘संदर्भमामा’ म्हणायची हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, हे माझं नशीब.

बघ, नमनालाच घडाभर तेल. तुझी चिठ्ठी येऊन बारा दिवस झाले. मुंगीच्या कबरेचा दगड तयार आहे, नाव आणि तारखा कोरून झाल्या, खाली एका वचनाची जागा सोडलीय आणि पाथरवट खोळंबलाय, असं तू लिहिलंस. ‘तुझ्या संदर्भात बसेल असं वचन कळव,’ हा टोमणा मला पोचला. तो मी कमावलेलाच आहे. पण त्याखालची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘आशेचं नको. शेवटी तिनं आशा सोडली होती, भिंतीवरचं वचन स्वतः काढायला लावलं होतं.’

ताई, त्या भिंतीबद्दल मला लिहायचंय. बारा दिवस रोज कागद घेतो आणि दुसरंच काहीतरी आठवतं. कालचा दिवस लेखणीची निब धुण्यात गेला.

ते कार्ड तू स्वतःच्या अक्षरात लिहून तिच्या पलंगासमोर लावलं होतंस. देवाच्या मनात तुमचं भलंच आहे, तो तुम्हाला पुढचे दिवस आणि आशा देणार आहे, असं ते वचन. लावतानाच तू मला स्वयंपाकघरात गाठून बजावलंस, की तिच्यासमोर तुझी शाळा काढू नकोस. मी कबूल केलं. आईची शपथही घातलीस, तीही मी घेतली.

तुला आठवतं, त्या गुरुवारी तू तपासणीचे कागद आणायला गेलीस आणि दाजी कामावर होते. मी तिच्याजवळ बसलो होतो. ती बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, “मामा, हे कुणाला लिहिलंय?”

माझ्याच तीन प्रश्नांतला एक, ताई. तेरा वर्षांच्या पोरीनं मलाच विचारला. मी हसून विषय बदलायला हवा होता. म्हणायला हवं होतं, तुलाच गं, आणखी कुणाला. कुणाही शहाण्या माणसाला ते सुचलं असतं. पण तीस वर्षांची खोड. प्रश्न आला की माझ्या तोंडातून उत्तर सुटतं.

मी सांगितलं. शत्रूनं धरून परक्या शहरात नेलेल्या लोकांना एका संदेष्ट्यानं पाठवलेलं हे पत्र आहे. तिथं दुसरे संदेष्टे त्यांना सांगत होते, लवकरच घरी जाल. यानं मात्र कळवलं की सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहरासाठी प्रार्थना करा. भल्याचं वचन त्याच्याच खाली येतं. हे सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. मला बरं वाटत होतं, ताई. कितीतरी दिवसांनी ती काहीतरी मन लावून ऐकत होती.

“म्हणजे ज्यांनी ते पत्र वाचलं, ते सगळे तिथंच मेले?”

बहुतेक, मी म्हणालो. तेव्हा कुठं मी काय करून बसलोय ते माझ्या ध्यानात आलं. मग मी बरीच सारवासारव केली. देवाचं वचन एका पिढीपुरतं नसतं, मंडळीनं ते पुढं आपलं म्हणून का वाचलं, असं काय काय. ती ऐकत नव्हती. ती विचार करत होती. मग तिनं मला कार्ड काढायला सांगितलं, तिचा हात तिथवर पोचत नव्हता म्हणून. मी काढलं.

तू परत आलीस, रिकामी भिंत बघितलीस आणि तिला विचारलंस. ती म्हणाली, मला नको होतं. तू बाहेर जिन्यात जाऊन रडलीस. मी तिथंच, थर्मासचं झाकण हातात घेऊन उभा होतो. कार्ड माझ्या खिशात होतं. त्यानंतर तू उपासनेला जाणं सोडलंस. पाळकांनी मलाच विचारलं, ताईंना झालंय तरी काय, आणि मी म्हणालो, दुःख आहे, वेळ लागेल.

आता ते सांगतो, जे मी तुझ्यापासून वर्षभर लपवलं. कार्ड माझ्या हातात होतं तेव्हा ती म्हणाली, “मामा, हे माझं नाही, आईचं आहे. माझ्यामागं तिलाच इथं राहायचंय. पण आत्ता देऊ नकोस. आत्ता दिलंस तर तिला कळेल की मला कळलंय.”

तिनं आशा सोडली नव्हती, ताई. ती तुझ्याशी खोटं बोलली, कारण तू दारातून आत येताना रोज चेहरा नीट करून येत होतीस, आणि ते तिला दिसत होतं.

ती गेली त्याच आठवड्यात मी हे तुला द्यायला हवं होतं. पण कार्ड द्यायचं तर तिला त्या पत्राची गोष्ट कुणी सांगितली हेही सांगावं लागणार होतं, आणि मला तुझी भीती वाटली. माझ्या भित्रेपणापायी तू वर्षभर समजत राहिलीस की तुझी लेक निराश होऊन गेली. याला मी कुठलाही संदर्भ देऊन सौम्य करू शकत नाही. यंदा तो अध्याय मी वर्गात गाळला. एकानं विचारलं, तर परीक्षेला नाही म्हणालो.

कार्ड सोबत पाठवतोय. मागं तिनं काही लिहिलं असेल म्हणून मी कितीदा तरी उलटून पाहिलं. काही नाही, फक्त चिकटपट्टीचा डाग आहे.

माझ्याकडे दगडासाठी वचन नाही. तीस वर्षं शिकवून नाही. तुला जे वाटेल ते कोर, किंवा जागा तशीच राहू दे. मी आता कुणालाच विचारणार नाही की ते कुणाला लिहिलंय.

मला क्षमा कर, असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते तुझं तू ठरव. एकच कर, तिचं ‘मला नको होतं’ आजपासून खरं मानू नकोस.

तिला खरं सांगणारा आणि तुला न सांगणारा,
तुझा धाकटा