सध्याचा पत्ता

अँटॉप हिल,
१२ जून २०२५, दुपारी बारा

प्रिय एलिना,

अक्षर माझंच आहे, नीट बघून घे. हे पत्र दाराखालून सरकवणारा दौलत आमच्या ऑफिसातला शिपाई. फोन बंद ठेवायचा, अनोळखी पुरुषाला दार उघडायचं नाही, असं मीच तुला बजावलं होतं, म्हणून लिहावं लागतंय. त्याला दार उघड. ओलिव्हियाला घे, तिची औषधं घे आणि लगेच नीघ. बाकीचं टॅक्सीत वाच.

इकडे सगळे ठीक. आई तुझी आठवण काढते. आपण गिरगावात शेजारी होतो तेव्हा नाताळात तुझ्याकडून आलेल्या नेवऱ्या ती माझ्यापासून लपवून ठेवायची, ते आठवून काल हसत होती. बघ, भलतंच लिहीत बसले. दौलत टॅक्सी घेऊन येईपर्यंत दहा मिनिटं आहेत आणि मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

तर, तुझ्या मारहाणीच्या अहवालाची प्रत नियमाप्रमाणे तुझा नवरा गॅविन याला देण्यात आली. त्यात तुझा शिवडीचा पत्ता नमूद करण्यात आला होता.

वाचलंस ना? 'देण्यात आली', 'करण्यात आला'. अकरा वर्षं महिला संरक्षण अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करून माझी हीच भाषा झालीय. कोणी केलं ते लिहायचंच नाही. पत्ता मी लिहिला, एलिना. तुझ्यासारख्या लपून राहणाऱ्या बाईच्या फॉर्मवर तिथे फक्त 'कार्यालयामार्फत' लिहायचं असतं. पण रकाना अर्धवट दिसला की साहेब फॉर्म परत पाठवतात, म्हणून मी चाळीचं नाव, मजला, नळाची खूणसुद्धा टाकली. तुझा फॉर्म म्हणून जरा जास्तच मन लावून भरला होता गं.

आज पावणेबाराला गॅविन इथे ऑफिसात आला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. मला ओळखलं नाही की ओळख दाखवली नाही, कोण जाणे. प्रत माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मॅडम, पोरीचा बड्डे आहे आज. केक पाठवायचाय. हा रूम नंबर एक आहे की नऊ?"

माझा १ आणि ९ सारखाच दिसतो. दिवसभर माणसं येऊन असं विचारतात आणि मी वाचून दाखवते. मी म्हटलं, "नऊ."

थँक्यू म्हणाला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. मग मी फॉर्म काढून पाहिला. ओलिव्हियाचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो.

पोलिसांना फोन केला. त्यांनी आधी आदेशाचा जावक क्रमांक विचारला, मग म्हणाले, प्रत घेऊन या. त्याने तुझ्या आसपास फिरकायचं नाही असा कोर्टाचा आदेश आहे, पण तो दाखवल्याशिवाय त्यांचा माणूस हलणार नाही. मी तीच घेऊन निघतेय. मला फार भीती वाटतेय. दौलतच्या आधी कोणी तिथे पोचलं असेल तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

दौलत तुला कुठे नेणार ते मी त्याला विचारलेलं नाही. तूही कळवू नकोस. मी स्वतः येऊन रडून विचारलं तरी सांगू नकोस.

'तुझी' असं लिहवत नाही.

वैदेही