माझ्या नावाने गेलेलं उत्तर

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता घरात तुमचा विषय निघाला तर सगळे हसून बोलतात. शिफ्टवरून आल्यावर तुम्ही न बोलता ताटावर कसे बसायचात, सुपरवायझरची नक्कल कशी करायचात, सगळं निघतं. मीही हसते. पण माझा राग गेलेला नाही. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग आपोआप निवतो, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता भांडायला समोर कोणी नाही, म्हणून तो जास्तच अंगात राहतो. हे सगळं तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं. तुम्ही संधी दिली नाहीत, आणि खरं तर तुमच्या बाबतीत मला दुखतं ते नेमकं हेच आहे.

तो कॉम्प्युटर तुम्हीच आणलात. धाटावच्या तुमच्या कंपनीत ऑफिसला नवे आले आणि जुने कामगारांनी मागितले तर द्यायचं ठरलं. तुम्ही टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून आलात, मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर धरलेला, जणू लहान मूल दवाखान्यातून घरी आणताय. आई दारातच म्हणाली, "आता ह्याला ठेवायचा कुठं?" तुम्ही म्हणालात, "माझ्या डोक्यावर ठेव. पोर पेणला जाऊन लोकांना कॉम्प्युटर शिकवते, आन् तिच्या सोताच्या घरात कॉम्प्युटर नाय?" मी तेव्हा पेणच्या एका क्लासमध्ये शिकवत होते. सकाळच्या एस.टी.ने रोह्याहून जायचं, नागोठणे करत पेण, आणि दिवे लागायच्या सुमाराला परत. त्या दिवशी परत आले तर तुम्ही टेबल पुसत होतात. मला हे सगळं आठवतं, बाबा. ते चांगलंही तितकंच आठवतं, म्हणून तर राग धड सरळ राहत नाही.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी त्यावर लिनक्स घातलं. तुम्हाला मी तेव्हा समजावलं होतं, की मशीन एकच, पण चालवणाऱ्या व्यवस्था दोन. चालू करताना एक निवडायची, विंडोज नाहीतर लिनक्स. एक चालू असताना दुसरी झोपलेली. तुम्ही म्हणालात, "म्हणजे शिफ्ट. एक गेल्याशिवाय दुसरा नाय येणार." माझ्या विद्यार्थ्यांना मी पुढे कित्येक वर्षं हेच उदाहरण दिलं. पण लिनक्ससाठी डिस्कचे भाग पाडताना, तुम्ही मोठ्या कष्टाने टाइप केलेली आळीतल्या मंडळाची पत्रं माझ्या हातून उडाली. तुम्ही ओरडला नाहीत. चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणालात, "ते माझं होतं गो. माझं काय बी पुसायचं झालं तर आधी मला इचारायचं. तुझंही कोण इचारल्याबिगर पुसणार नाय." हे वाक्य तुमचंच आहे. मी त्यात एक शब्द घातलेला नाही.

मग आलं टपाल. काका मस्कतला होता, त्याला पत्रं पोचायला फार वेळ लागायचा, म्हणून आपण इंटरनेट घेतलं. पत्ता एकच, तुमच्या नावाचा, आणि तोच सगळ्या घराचा. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा आपला मोडेम फक्त विंडोजचं ऐकायचा. लिनक्समधून फोन लागायचाच नाही. त्यामुळे सगळे मेल विंडोजमध्ये उतरायचे, आणि मी संध्याकाळभर लिनक्समध्ये शिकत बसलेली. एक मेल वाचायचा तरी सगळं बंद करून पुन्हा विंडोज चालू करायचं. तुम्हालाही ते पटेना. "माझ्या बाजूचं टपाल तुझ्या बाजूला का दिसत नाय? घर एक, तर पेटी एकच पायजे," तुम्ही म्हणालात. मी दोन-तीन आठवडे त्यात घातले. मेलचा प्रोग्राम दोन्हीकडे एकाच जातीचा होता. म्हणून टपालाचे सगळे फोल्डर मी डिस्कच्या अशा भागात हलवले, जो दोन्ही व्यवस्थांना वाचता येतो, आणि दोन्हीकडच्या प्रोग्रामना सांगितलं, की तुमची पेटी इथे. सुरुवातीला गोंधळ व्हायचा. एकीकडे वाचलेले मेल दुसरीकडे न वाचलेले दिसायचे, कधी यादीच कोरी. शेवटी बसलं. मी लिनक्समध्ये काकाला चार ओळी लिहून ठेवल्या, मशीन बंद करून विंडोज चालू केलं, तर त्या तिथे, जायला तयार. तुम्ही खुर्चीतून उठून आईला बोलावून आणलंत. तेव्हापासून रीतच पडली. मी रात्री माझ्या बाजूला लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही फोन जोडून ते पाठवायचं. माझे सगळे मेल तुमच्या हातून जायचे. मला त्यात गैर काहीच वाटलं नाही. बापाच्या हातून पत्र पाठवण्यात गैर वाटण्यासारखं काय आहे?

टाइप करायलाही तुम्हाला मीच शिकवलं. एका बोटाने, चष्मा कपाळावर, "ह्यो पी कुठं मेला आता?" करत. इंग्रजी पत्राची सुरुवात कशी, शेवट कसा, आपलं नाव कुठे. तुम्ही वहीत न लिहिता सगळं डोक्यात ठेवलंत.

पेटी कशी एक केली, ते मी सविस्तर लिहून लिनक्सवाल्यांच्या एका मेल-चर्चेत टाकलं होतं. बऱ्याच जणांना तीच अडचण होती. ते वाचून बंगलोरच्या एका कंपनीतल्या माणसाने मला लिहिलं, की तुम्ही अवघड गोष्ट साध्या शब्दांत सांगता, आम्हाला ग्राहकांना मदत करायला अशी माणसं हवीत. त्यांनी प्रश्न पाठवले, मी उत्तरं दिली. तुम्हाला आणि आईला जेवताना सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बघू." बस, एवढंच. मी त्या 'बघू'चा अर्थ होकार असा घेतला. पुढचे दिवस मी पेणच्या क्लासमध्ये पोरांना शिकवताना मनातल्या मनात बंगलोरच्या खोलीत चूल मांडत होते. रोज घरी आले की विचारायचे, "काही आलंय?" आणि तुम्ही टी.व्ही.वरची नजर न काढता म्हणायचात, "नाय गो, काकाचं पण नाय."

वाट बघून बघून मला वाटायला लागलं, की मीच उत्तरांत काहीतरी मूर्खपणा केला असणार. तो रविवार होता. तुम्ही निडीला गेला होतात, शेतावर, वालाच्या शेंगा आणायला. मी लिनक्स चालू केलं आणि पाठवलेल्या मेलांचा फोल्डर उघडला, आपलंच लिहिलेलं परत वाचावं म्हणून. माझ्या शेवटच्या उत्तराच्या वर आणखी एक मेल होता. बंगलोरलाच गेलेला. मी न लिहिलेला. तीनच ओळी. आय अ‍ॅम नॉट इंटरेस्टेड इन द पोस्ट. काइंडली गिव्ह इट टू सम अदर कँडिडेट. विथ थँक्स अँड रिगार्ड्स. खाली माझं नाव, पूर्ण. माझं, मग तुमचं, मग आडनाव.

बाबा, तो मेल मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात टायपिंगची एकही चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. आणि क्षणभर, हे लिहितानाही मला लाज वाटते, मला वाटलं, वा, जमलं की बाबांना. मग मी आलेलं टपाल उघडलं. त्यात बंगलोरचं नवं काहीच नव्हतं, त्यांचं पुढचं पत्र पुसून तुम्ही कचराही रिकामा केला होता. पण तो प्रोग्राम पुसलेलं खरं पुसत नाही, नुसतं झाकतो, हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं. मी टपालाची मूळ फाइल साध्या अक्षरांत उघडली. तळाशी सगळं होतं. त्यांनी मला घेतलं होतं. कधी यायचं, कुणाला भेटायचं, राहायची सोय पहिल्या महिन्यात कंपनी करेल. लिहिणारा शेवटी म्हणत होता, की आम्ही वाट बघतोय.

तुम्ही शेंगांची पिशवी घेऊन आलात तेव्हा मी स्क्रीन तशीच ठेवली होती. तुम्ही पाहिलंत. चप्पल काढायची थांबलात.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"व्हय," तुम्ही म्हणालात. "मीच लिवलं." तुम्ही खोटंसुद्धा बोलला नाहीत. तुम्हाला वाटत होतं, माझ्या बाजूला ते दिसणारच नाही. पाठवलेल्यांचा फोल्डरही त्याच पेटीत असतो, हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं.

"का?"

"बंगलोर काय पेण हाय? सकाळी जाशील आन् सांजला येशील? एकली पोर तिकडं. कोण बघणार तुला?"

"मग मला नाही म्हणायचं होतंत!"

"म्हटलो असतो तर तू रडली असतीस. हट्ट केला असतास. मग मला व्हय म्हणायला लागलं असतं." आणि मग, जणू हा फार मोठा समजूतदारपणा आहे अशा सुरात, "त्यापरीस हे बरं झालं."

मी ओरडले. तुमचंच वाक्य तुमच्या तोंडावर फेकलं, की विचारल्याशिवाय कुणाचं काही पुसायचं नाही, म्हणून मला कोणी शिकवलं? आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बापाला तोंड लावतेस व्हय गो? शेजारी काय म्हणतील?" मी तिला म्हटलं, तुला माहीत होतं का? ती शेंगांची पिशवी उचलून आत गेली. म्हणजे तिला माहीत होतं.

मला एक सांगा, बाबा. माझ्या तोंडावर नाही म्हणायला तुमचं काय गेलं असतं? मी भांडले असते. कदाचित जिंकले असते, कदाचित हरून पेणच्याच एस.टी.त बसले असते. पण ते हरणं माझं असतं. तुम्ही मला नाही म्हणाला नाहीत, तुम्ही माझ्या तोंडून नाही म्हणालात. मी शिकवलेल्या बोटांनी, मी जोडलेल्या पेटीतून. त्याला तुम्ही माया म्हणत होतात. मी आजही म्हणत नाही.

सोमवारी पेणला जाऊन क्लासच्या शेजारच्या फोन-बूथवरून मी बंगलोरला फोन लावला. पलीकडची बाई सौजन्याने बोलली. जागा भरली होती. "तुम्ही स्वतःच कळवलंत ना?" तिने विचारलं. मी काय सांगणार होते? माझ्या बापाने कळवलं? मी रिसीव्हर खाली ठेवला.

घरी येऊन मी पेटी तोडली. तुमचं टपाल विंडोजमध्ये परत नेऊन ठेवलं आणि माझ्यासाठी वेगळा पत्ता काढला, तो फक्त पेणला क्लासमध्येच उघडायचे. तुम्ही एकदा म्हणालात, "गो, तुझ्या बाजूला काकाचं टपाल आता दिसत नसंल ना?" मी पिशवी उचलून एस.टी. गाठायला निघाले. पुढे तुम्ही मशीन चालू करायचंच कमी केलंत. मग आईने त्यावर जुनी साडी टाकली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. माझं लग्न पेणलाच झालं, तिथेच एका सहकारी बँकेत कॉम्प्युटरचं काम मिळालं. माझं आयुष्य वाईट गेलेलं नाही, हे मी तुम्हाला सांगायला बांधील नाही, पण सांगते. नवरा भला आहे. मुलगी हुशार आहे. आपण पुन्हा बोलायला लागलो, जेवणाचं, औषधाचं, पावसाचं. त्या मेलाबद्दल तुम्ही कधी एक शब्द काढला नाहीत. मी थांबले होते. अलिबागच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवलं, तेव्हा खबर मिळताच मी बँकेतून तशीच निघाले. तुमच्या छातीत धाप होती. मी पाणी पाजलं. तुम्ही माझा हात धरलात आणि मला वाटलं, आता बोलताय. आणि तुम्ही काय म्हणालात? "बघ, जवळ होतीस म्हणून येळेला आलीस."

मला तो हात झटकावासा वाटला. मी झटकला नाही. नर्स होती, आई होती, तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही शेवटपर्यंत तो हिशेब बरोबर आहे, असंच समजत गेलात, आणि मी तुमच्या डोळ्यांसमोर तो बरोबर ठरवत उभी होते. तेव्हा गिळलेलं सगळं मी आज इथे लिहितेय. तुम्ही चुकलात, बाबा. मी बंगलोरहूनही आले असते. एक दिवस उशिरा आले असते, पण आले असते.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. नवऱ्याला, बँकेतल्या बायकांना, तुमच्या नातीला, सगळ्यांना मी आजवर हेच सांगत आलेय, की बंगलोरची नोकरी आली होती, पण मीच नको म्हटलं. पहिल्यांदा सांगितलं ते सासरी तुमची अब्रू जाऊ नये म्हणून. मग बापाने फसवलं म्हणण्यापेक्षा ते सांगणं सोपं वाटत गेलं. परवा पोरीने विचारलं, "आई, तुला कधी पस्तावा नाही होत?" मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "नाय गो. माझा मीच निर्णय घेतला." तिला ते इतकं पटलं, की तिने पुढे काही विचारलंच नाही.