राघो पाहणीदार आणि माझी इतर मिळकत

॥ श्री ॥

मी, कुमारी विमला यशवंत नेवरेकर, वय वर्षे बाहत्तर, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षिका व रेडिओ लेखिका, राहणार झाडगाव, रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाचेही दडपण नसताना करून ठेवते. डॉक्टरांनी काल मला तपासून मी पूर्ण भानावर असल्याचा दाखला दिला आहे. त्यांनी मला आजचा वार आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. मी दोन्ही सांगितले, आणि त्यांच्या दवाखान्याची नवी पायरी म्हाताऱ्या माणसाला उंच होते हेही सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मी अविवाहित आहे. त्याचे कारण मृत्युपत्रात द्यावे लागत नाही असे वकिलांनी सांगितले, ते बरे झाले. आईवडील आणि भाऊ हयात नाहीत. भावाचा मुलगा चि. विनीत हा माझा एकुलता जवळचा वारस. तो डोंबिवलीला असतो. आमच्यात चार वर्षे बोलणे नव्हते. ते का, हे पुढे येईल.

२. झाडगाव येथील जांभ्याच्या चिऱ्यांचे कौलारू घर, मागची विहीर आणि दोन माड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. या घरात तुळसा गंगाराम मायंगडे हिने तहहयात राहावे. तिला कोणी उठवू नये, भाडे मागू नये, आणि दुरुस्तीच्या नावाखाली माजघरातली खिडकी बुजवू नये. तिच्या पश्चात घर विनीतचे.

तुळसा मूळची केळशीची. माझ्याकडे स्वयंपाकाला म्हणून आली, आणि गल्लीतले लोक अजून तिला तेवढीच समजतात. म्हणून येथे नोंदवून ठेवते. रेडिओवरच्या माझ्या मालिकेच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी नायकाच्या बायकोचे काम करणाऱ्या नटीबाईंची एसटी दापोलीहून निघालीच नाही. तुळसा माझा डबा घेऊन स्टुडिओत आली होती. सगळे हात चोळत बसलेले पाहून ती म्हणाली, "मी म्हणू का, बाई? मला येतंय ते." मी लिहिताना मोठ्याने बोलते. चुलीशी बसून तिला अख्खा भाग पाठ झाला होता. त्या दिवसापासून मालिका संपेपर्यंत नायक राघोची बायको मथुरा म्हणजे तुळसाच. तिला कागदावर 'घरकाम' असे लिहिणाऱ्याने आधी ते भाग ऐकावेत.

३. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक तुळसाच्या औषधपाण्यासाठी व तिच्या पोटापाण्यासाठी. तिच्यामागे जे उरेल ते वाडाखोल येथील देवळाच्या कौलांसाठी. फक्त कौलांसाठी. फरशीसाठी, रंगासाठी किंवा कमानीवर देणगीदारांची नावे कोरण्यासाठी नाही.

४. माझी रंगपेटी, ब्रश आणि लाकडी बोर्ड अशा शाळेला द्यावेत जिथे चित्रकलेचा तास गणिताला दिला जात नाही. अशी शाळा सापडली नाही तर वस्तू घरातच राहू द्याव्यात. मी नोकरीची अर्धी वर्षे फळ्यावर अर्धवट कमळ सोडून वर्गाबाहेर उभी राहिले आहे. तो राग मी विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

५. आता मुख्य मिळकत, म्हणजे राघो त्रिंबक पाहणीदार.

रत्नागिरीत रेडिओ केंद्र सुरू झाले तेव्हा मी तिथे जाऊन म्हटले, मला आपल्याकडची देवळे, जुनी घरे, दगडी पायऱ्यांच्या पाखाड्या लोकांना दाखवायच्या आहेत. समोरचे गृहस्थ हसले. "बाई, रेडिओवर दाखवणार कसं?" उत्तर माझ्याकडे होते. आदल्याच आठवड्यात मी मिरकरवाड्याच्या बंदरावर पाठमोरी उभी होते. मागे कोणीतरी लिलाव पुकारत होता. तो सुरमईची लांबी सांगत होता, तिच्या पाठीवरची निळाई सांगत होता, कल्ला उघडून दाखवताना काय दिसते ते सांगत होता. मी वळायच्या आधी मला ती सुरमई दिसली. पुकारणारा होता सखाराम डोर्लेकर.

मी त्याला विचारले, रेडिओवर बोलशील का? तो म्हणाला, "बाय, मी नाटकातला माणूस नाय. माझा आवाज मासळीचा." मी म्हटले, मला तोच हवा आहे.

आधी मी माहितीपर भाषणे लिहिली. श्रोत्यांची पत्रे आली की आवाज छान आहे, ऐकता ऐकता झोप लागते. मग मी राघो रचला. पेशवाईच्या काळातला, सुभ्याच्या कचेरीतून इमारतींची पाहणी करायला गावोगाव पाठवलेला, तुपाचा आणि मानाचा भुकेला, आणि इमारतीतले काडीचेही न कळणारा कारकून. दीपमाळेपुढे उभा राहून तो सरकारला लिहायचा, "येथे एक दगडी जिना आहे. तो कोठेही जात नाही." मथुरा म्हणायची, "अहो, त्या पायऱ्या नव्हेत. दिवे ठेवायचे हात आहेत ते. असले जिने चढाल म्हणून मला यावं लागतं तुमच्या मागे." ऐकणारा हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी देवळात गेला की मान वर करून दीपमाळेकडे बघायचा. मला एवढेच हवे होते.

प्रत्येक भागाआधी मी स्वतः सांगत असे, की राघो कधी झाला नाही, पण आज तो जिथे जाणार आहे ती वास्तू खरी आहे. तरीही एका विद्वानांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून दप्तरात असा कारकून सापडत नाही असे जाहीर केले. त्यांचे श्रम वाया गेले याचे मला वाईट वाटते.

राघोच्या घरातले प्रसंग स्टुडिओत व्हायचे, पण देऊळ आम्ही कधी स्टुडिओत केले नाही. माइक घेऊन तिथेच जायचो. खांबावर टिचकी मारली की सागवान वेगळा बोलतो, फणस वेगळा. सखाराम मंडपातून गाभाऱ्याकडे बोलत चालायचा आणि त्याचा आवाज कसा आकसत जातो त्यावरून लोकांना छत खाली आल्याचे कळायचे. हे मी शोधून काढले. हे मृत्युपत्र आहे, म्हणून नम्रपणा बाजूला ठेवून लिहिते.

६. वाडाखोलचे श्री. आप्पा खामकर यांना माझी मागच्या पडवीतली आरामखुर्ची द्यावी. ते प्रत्येक वेळी तिच्यात बसतात आणि ती मोडकी आहे म्हणतात. सोबत त्यांच्या गावच्या भागाची कॅसेट द्यावी. तो भाग का महत्त्वाचा ते लिहिते.

वाडाखोलच्या देवळाचा सभामंडप लाकडी आहे. खांबांवर वेली, तुळयांना आधार देणाऱ्या हस्तांवर घोडे, आणि छताच्या फळ्यांच्या तक्तपोशीत कोरलेली कमळे. सत्त्याऐंशी साली गावाने तो पाडून स्लॅब टाकायचे ठरवले. आप्पा जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष. त्यांचेही खोटे नव्हते. मंडप गळत होता, दोन खांबांना वाळवी लागली होती, आणि मुंबईच्या मंडळींनी वर्गणी काढली होती. शिमगा झाला की पाडायचे, असे ठेकेदाराशी ठरलेही होते. मी त्यांना अडवायला गेले नव्हते. पाडण्याआधी त्या लाकडाचा आवाज धरून ठेवावा एवढ्यासाठी गेले.

मी लिहिलेली गोष्ट अशी होती, की सरकारला गलबतासाठी लाकूड हवे आहे आणि राघोला मंडपातला एक खांब निवडायचा आहे. ध्वनिमुद्रण बघायला अख्खा गाव जमला. सखाराम पहिल्या खांबाशी गेला आणि कागद सोडून त्याने गर्दीलाच राघोच्या आवाजात विचारले, "हा खांब कोणाचा? नेऊ काय?"

मी हात वर करून थांबवणार होते. तेवढ्यात हौसा नावाची म्हातारी म्हणाली, "तो नको. तो आमचा. माझ्या आजेसासऱ्यानं दारातला फणस दिलान त्याला."

"मग हा?"

"तो वरच्या वाडीचा," कोणीतरी म्हणाले.

"आणि हा पुढचा, उजवीकडचा?"

"तो खालच्या वाडीचा. आमचा मान आहे तो."

असे करत सखाराम सगळा मंडप फिरला. प्रत्येक खांबाला मालक निघाला. शेवटी त्याने बैठक मारली आणि सरकारला पत्र सांगितले, "सदर देवळास खांब नाहीत. जे दिसतात ते घरांचे आहेत. सबब लाकूड निरंक." गाव हसून हसून खाली बसला. मी एक शब्द कापला नाही. भाग तसाच गेला.

त्यानंतरच्या सोमवारी आप्पा सकाळच्या एसटीने माझ्या दारात. चहासुद्धा नको म्हणाले.

"बाय, पुढचा उजवा खांब खालच्या वाडीचा नाय. खामकरांचा हाय. माझ्या पणज्यानं दिलेला. तुम्ही सगळ्या जिल्ह्याला उलटं सांगितलात."

"मी नाही सांगितलं. तुमच्या गावाने सांगितलं."

"दुरुस्ती करा."

"करते. पण खांब उभा हवा. पाडलेल्या खांबाची दुरुस्ती रेडिओवर कशी सांगू?"

ते मागच्या पडवीत जाऊन त्याच आरामखुर्चीत बसले. मग म्हणाले, "चहा टाका."

पुढे गावकीत जे भांडण झाले त्याची मला बसल्याजागी खबर लागत होती. ज्याच्या घरचा खांब पंचक्रोशीत गाजला तो तोडायला कोण देणार? ठेकेदार दोनदा येऊन परत गेला, तिसऱ्यांदा आला नाही. मुंबईच्या वर्गणीतून नवी कौले आली, वाळवी लागलेले दोन खांब बदलले. त्यातल्या एकाचा सागवान आप्पांनी स्वतःच्या जागेतला दिला. मी दुरुस्ती प्रसारित केली. त्यावर खालच्या वाडीचे लोक आले.

आप्पा अजून म्हणतात, "तुम्ही गावात भांडणं लावलीत." लावली. मंडप उभा आहे. माझ्या हातून झालेल्या कामांत मी हे सगळ्यात वर ठेवते.

७. नव्व्याण्णव साली विनीतने मुंबईचे एक दूरचित्रवाणी निर्माते घरी आणले. त्यांना राघो हवा होता. बोलता बोलता कळले, की त्यांना देवळे नको होती. गावोगाव कॅमेरा नेणे परवडत नाही, देऊळ प्लायवूडचे उभारू, लोक गमतीसाठी बघतात, भिंतींसाठी नाही. राघोच्या मागे एक नर्तकीही लागणार होती. मी नाही म्हटले. निर्माते गेल्यावर विनीत म्हणाला, "आत्या, रत्नागिरीच्या बाहेर तुझं नाव कुणाला माहीत आहे? मी तुझ्यासाठी करत होतो हे."

मी त्याला त्याच्या गाडीची वेळ विचारली. तो न जेवता गेला. तुळसाने शिंपले निवडून केलेले तिसऱ्यांचे कालवण आम्ही दोघींनीही खाल्ले नाही.

तेव्हा ठरवून लिहिते. राघोचे अर्धे हक्क सखारामच्या मुलीचे आहेत. सखाराम दोन वर्षांपूर्वी गेला, आणि त्याच्या आवाजाशिवाय राघो म्हणजे नुसता कागद होता. उरलेले अर्धे मी कोणा एकाला देत नाही. रेडिओ असो, दूरचित्रवाणी असो, पुढे आणखी काही निघो, राघोला कोणीही विनामूल्य वापरावा. अट एकच. त्याला ज्या वास्तूत न्याल ती खरी असावी, उभी असावी, आणि तुम्ही स्वतः तिथे जाऊन यावे.

८. ही अट पाळली जाते की नाही हे बघायला व्यवस्थापक हवा. विचारल्याशिवाय नेमणे बरे नव्हे, म्हणून गेल्या महिन्यात मी विनीतला फोन केला.

"आत्या? बरी आहेस ना?"

"बरी आहे. मृत्युपत्र करतेय. राघो तुझ्या हवाली करायचा आहे."

 मग तो म्हणाला, "मी तर त्याला विकायला निघालो होतो."

"म्हणूनच. विकत घ्यायला येणारे कसं बोलतात ते तुला ठाऊक आहे."

"आत्या, मी ते वाडाखोलचं देऊळ कधी पाहिलंच नाही गं."

शनिवारी तो आला. रविवारी आम्ही रिक्षाने वाडाखोलला गेलो. माझ्या डोळ्यांना आता तेवढ्या उंचीवरचे दिसत नाही. मी त्याला मंडपाच्या मधोमध पाठीवर आडवे व्हायला सांगितले आणि शेजारी बसले. म्हटले, काय दिसतंय?

"सुंदर आहे."

"ते मला माहीत आहे. काय आहे ते सांग."

तो चाचरला. मग म्हणाला, मध्ये एक मोठं कमळ आहे. त्याच्या पाकळ्या दोन थरांत आहेत, आतल्या मिटलेल्या, बाहेरच्या उमललेल्या. एक पाकळी तडकली आहे. कडेने पोपट आहेत, आणि प्रत्येक पोपट दुसरीकडे बघतोय, एकच खाली बघतोय. आत्या, तो माझ्याकडे बघतोय. तो बोलत राहिला. आप्पांनी चहाला बोलवायला माणूस पाठवला, तरी तो उठेना. आयुष्यभर मी लोकांना जे सांगत आले, ते त्या दिवशी मला कोणीतरी सांगत होते. मी डोळे मिटले. छत दिसले.

म्हणून या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी चि. विनीत यास नेमते.

वर लिहिलेले सर्व मी तुळसाला मोठ्याने वाचून दाखवले. तिची काही हरकत नाही. मग साक्षीदारांच्या समोर मी सही केली, आणि माझ्यासमोर व एकमेकांसमोर त्यांनी केली.

सही
विमला यशवंत नेवरेकर

साक्षीदार
१. डॉ. मुकुल श्रीधर लोटलीकर, झाडगाव, रत्नागिरी
२. धोंडू बाळाजी शितप, निवृत्त पोस्टमास्तर, रत्नागिरी

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १४ नोव्हेंबर २००३