आधी खोड, मग गुण

आप्पा, तुमची गाडी बघायला काल धुळ्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. शहाद्याच्या गॅरेजवाल्याने हात टेकलेत, पार्ट आता सुरतेतही मिळत नाहीत, आणि घरातले म्हणतात, उभ्या गाडीला गंज चढण्यापेक्षा जाणत्याच्या हाती जाऊ दे. खरं आहे त्यांचं. पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती विकायला माझा हात पुढे होत नाही.

बैल विकताना तुम्ही आधी त्याच्या खोडी सांगायचात. "पहिले खोड सांगानी, मंग गुण," हा तुमचा नेम. तोच मी पाळला. पहिली खोड तिचं पोट, पार जमिनीला टेकलेलं. केळीच्या चांगल्या हंगामात सुरतेच्या व्यापाऱ्याकडून तुम्ही ती जुनीच आणलीत आणि कळसाडीच्या गतिरोधकावर गावादेखत घासलीत. तेव्हापासून गतिरोधक आला की तुम्ही म्हणता, "उतरा भो," आणि शालू नेसलेल्या आत्या, काका, एकदा तर नवरदेवसुद्धा, खाली उतरून पलीकडे चालत जातात. सायकलवाले थांबून हसतात, तुम्हाला त्याचं काही नाही. मग हत्ती पोसावा तसं पेट्रोल, ऐन उन्हाळ्यात रुसणारा एसी. मी काही झाकलं नाही.

गुणांची वेळ आली तेव्हा मात्र डोळ्यांपुढे एकच दुपार. आईच्या छातीत कळ आली आहे, तुम्ही तिला सावरून धरलंय, आणि किल्ली माझ्या हातात देता. उसाच्या शेतालगतच्या रस्त्यावर तुम्ही नुकतंच मला शिकवलं होतं. भाऊबंद म्हणाले होते, "पोरीले गाडी शिकाडीसन काय करशी?" नवापूरकडच्या चढावर ट्रकमागे मी कचरले. आईचं डोकं मांडीवर घेऊन मागून तुम्ही म्हणालात, "दाब माय. गाडीमा दम शे." मी दाबलं. ट्रक कधी मागे पडला कळलंच नाही. वेग वाढला तशी ती रस्त्याला अधिकच धरून चालली, आईला एक हिसका बसला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आई अजून आहे, आप्पा. आज सकाळीच चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडली. त्या दिवशी किल्ली मागायला घरात चार पुरुष उभे होते. तुम्ही मला दिलीत. त्यानंतर आयुष्यात कुठल्याही चढाला मी घाबरले नाही, हे तुमचे उपकार आहेत.

गिऱ्हाईक पक्कं होतं. खोडी ऐकून हललं नाही. म्हणालं, "खोडी समजन्यात, ताई. आते गुण सांगा."

घरी मी सांगितलंय की त्याला गाडी पसंत पडली नाही. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गुण एकबी नही, भाऊ."