राणीचा उजवा हात

२ डिसेंबर
स्पर्धा संपल्या. आता चार महिने घाई नाही — चुका काढायच्या. राणीचा उजवा हात पाण्यात जाताना सरळ होतच नाही, कोपरात वाकतो. खांदा दुखतो तो त्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दोन वर्षांत पोहणं बंद. आज ओरडलोच — "कुणी शिकवलं गं तुला असलं?"

५ डिसेंबर
तिचे वडील बिराप्पा मलकापूरला पोहण्याच्या टँकवर आले होते. मी काठावर उभा राहून पोरांना हात कसा टाकायचा ते दाखवत होतो. म्हणाले, "आवं सर, राणी हुबेहूब तुमच्यावानीच हात टाकती की!" कौतुकाने म्हणाले बिचारे.

माझा उजवा हात! नववीत विहिरीच्या कठड्यावरून पडलो, गावातल्या एकाने हाड बसवलं ते वाकडंच. मी विसरूनही गेलो होतो. सहा वर्षं पोरीला हाच हात दाखवत आलो आणि तिने तो जसाच्या तसा उचलला. आज जेवण गेलं नाही.

६ डिसेंबर
खोड माझी, खांदा तिचा.

१४ डिसेंबर
आठवडाभर डाव्या हाताने दाखवतोय. पहिली दहा मिनिटं तिचा हात छान सरळ जातो. दमली की माझा हात परत येतो! पाणी बर्फागत गार, ओठ निळे पडलेले, तरी म्हणते, "सर, अजून एकदा." मला बघवत नाही.

१७ डिसेंबर
साताऱ्याच्या मिस्बाह मॅडमना फोन केला. माझ्या हाताचं सगळं सांगितलं, राणीला तुम्ही शिकवा म्हणालो. हो म्हणाल्या. मग अडखळत — "सर, राग मानू नका, पण काही महिने तुम्ही इकडं येऊ नका. तुम्ही दिसलात की हात परत वळेल." बरोबरच आहे. फोन ठेवला आणि रडलो. पन्नाशीतला माणूस, हुंदके देऊन!

१९ डिसेंबर
राणीला सांगितलं. "माझं काय चुकलं, सर?" तुझं काही नाही गं, म्हणालो. तिला पटलं नाही. पाया पडली आणि वर न बघता गेली. गेटपाशी बिराप्पा म्हणाले, "पोरीला टाकली व्हय सर तुमी?" खरं कारण सांगितलं असतं तर ती मला सोडून गेलीच नसती.

२० जानेवारी
नवी पोरं आली. उजवा हात खिशात ठेवून शिकवतो.

११ मार्च
मॅडमनी व्हिडिओ पाठवला. सहा मुली पोहताहेत, सगळ्यांच्या टोप्या सारख्या, सगळ्यांचे हात सरळ. चारदा बघितला. यातली राणी कोणती, मला ओळखता आलं नाही.