पिंजऱ्यातलं पाणी

२ सप्टेंबर १९५७
आजपासून परळच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायची नोकरी. लालबागहून चालतच आले. खोली थंडगार, फरशी लख्ख; गिरणीतल्यासारखा कापूस नाकात जात नाही. रमाकांत साहेब भले माणूस. मी पुडीचे कागद वाचत वाचायला शिकले म्हटल्यावर त्यांनी फळ्यावरचं सगळं समजावलं. साध्या पाण्यात थोडं जड पाणी मिसळलेलं असतं. लोखंडी भांड्यात पाणी गार करून दाबाने गॅस सोडला की बर्फासारखे खडे धरतात. खडा म्हणजे पाण्याचा पिंजरा, आत गॅस कोंडलेला. जड पाणी पिंजऱ्यात आधी जातं. उरलेलं ओतून टाकायचं, मग कॉक, म्हणजे गॅसची तोटी, सोडून खडे वितळवायचे. असं पुन्हापुन्हा. वितळवताना खिडकी मात्र उघडी हवी. गॅस जमिनीलगत साचतो, श्वास कोंडतो.

५ सप्टेंबर
वितळताना खडे फसफसतात. हमाल दौलत म्हणाला, "मालनबाई, तुमच्या बर्फाला खोकला झालाय!" मी हसले. खूप दिवसांनी.

१२ सप्टेंबर
तो खोकला ह्यांचा आहे. कापसाने धरलेला. दोन ढासा आणि मग लांब श्वास. गेल्या वर्षी हे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेले, गोळी लागली. देह पोलिसांनीच जाळला. तोंडात पाण्याचा थेंब घालायला मला मिळालं नाही.

१८ सप्टेंबर
आज शब्द आला. पाणी. दौलतला नुसती फसफस ऐकू येते.

२३ सप्टेंबर
सर्वपित्री. मूलबाळ नाही, ह्यांना पाणी देणार कोण? वाटीत काळे तीळ घालून मीच पाणी घेतलं. भांडं भरताना त्यात ओतलं. तिथूनच मागत होते ना.

२४ सप्टेंबर
भांड्याच्या काचेच्या झरोक्यातून पाहिलं. खडे धरलेत, तीळ आत. अजून कॉक सोडलेला नाही, तरी खोकला येतोय. मालू, अडकलो म्हणाले. माझं पाणी पोचलं नाही — त्याचाच पिंजरा झाला. मीच —

२६ सप्टेंबर
साहेबांना तीळ दिसले. पाणी बिघडलं म्हणाले. उद्या दौलत सगळं मोरीत ओतणार. मोरीत. ह्यांना.

२७ सप्टेंबर
साहेब जेवायला गेलेत. कॉक सोडला. खिडकी लावून घेतली — उघडी ठेवली तर हे लगेच निघून जातील. थोडं तरी ऐकू दे —
जमिनीवर बसलेय. इथे आवाज जवळ येतो. मालू म्हणतात. वाटी पुढे धरलीय. पितायत —
मलाही खोकला. ह्यांच्यासारखाच. दोन ढासा आणि मग